विहीणबाईंना सांगायची राहिलेली गोष्ट

विशाखापट्टणम,
८ मे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, आंब्याची पेटी मिळाली. एकही आंबा डागी निघाला नाही. बाबा, डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना?

आजचं पत्र खरं तर बाबांसाठी आहे. काल ७ मे, इंग्रजांविरुद्ध इथल्या डोंगरातल्या आदिवासींना घेऊन लढलेल्या अल्लूरी सीताराम राजूंचा स्मृतिदिन. रात्री टीव्हीवर त्यांच्यावरचा १९७४ चा तेलुगू चित्रपट लागला होता. अत्तय्या, म्हणजे तुमच्या विहीणबाई, चिंच निवडत बसल्या होत्या. ‘तेलुगू वीर लेवरा’ हे गाणं सुरू झालं आणि त्यांचे हात थांबले. चिंचोका तसाच चिमटीत. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. ते लिहिणारे श्रीश्री इथलेच, विशाखापट्टणमचे कवी. या गाण्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

नायक कृष्णांचा हा शंभरावा चित्रपट, आणि तेलुगूतला पहिला सिनेमास्कोप. त्याचं काम चालू असतानाच दिग्दर्शक रामचंद्र राव वारले. उरलेलं कृष्णांनी पुरं केलं, पण दिग्दर्शक म्हणून नाव रावांचंच ठेवलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. राजू आणि नायिका सीता यांच्या प्रेमाचा भाग बाबांना रुचणार नाही, मलाही तो लांबला असं वाटलं. पण डोंगरातली माणसं पडद्यावर आली की डोळे हटत नाहीत.

बाबा, ती माणसं मला ओळखीची वाटली. ते झाडोरा जाळून राखेत धान्य पेरायचे. इकडे त्याला ‘पोडू’ म्हणतात. आपल्याकडच्या ठाकर-कातकऱ्यांची दळी आठवते ना? अगदी तसंच. १८८२ च्या मद्रास जंगल कायद्याने त्यावर बंधनं आणली. वर डोंगरात रस्ता करायला याच लोकांना वेठीला धरलं, मजुरीही धड दिली नाही. त्यातून १९२२ चा रंपा या डोंगरी भागातला उठाव झाला. ऑगस्टात लागोपाठ तीन दिवस चिंतपल्ली, कृष्णदेवीपेट आणि राजवोम्मंगीच्या पोलीस ठाण्यांवर छापे पडले. राजू बंदुका न्यायचे आणि काय काय नेलं ते ठाण्याच्या वहीत लिहून सही करायचे! बाणाला चिठ्ठी आणि मिरच्या बांधून आधी निरोप धाडायचे, असंही सांगतात. त्याला म्हणतात ‘मिरपकाय टपा’. टपा म्हणजे आपलं टपालच. १९२४ मध्ये कोय्यूरला त्यांना झाडाला बांधून गोळ्या घातल्या. वयाची २७ वर्षंही पुरी झाली नव्हती.

चित्रपट संपल्यावर मी अत्तय्यांना म्हटलं, आमच्याकडेही जंगलासाठी माणसं गोळ्यांना सामोरी गेली. २५ सप्टेंबर १९३०, चिरनेरचा जंगल सत्याग्रह, अक्कादेवीचा डोंगर. माझे आजोबा तेव्हा पंधरा वर्षांचे होते, कोयता घेऊन गेले होते.

त्यांनी चिंचेचं सूप बाजूला सारलं आणि विचारलं, “मग? पुढे?”

मला सांगता आलं नाही, बाबा. आजोबा ओटीवर बसून सांगायचे तेव्हा मी अर्धवट ऐकून खेळायला पळायचे. ते कुणाबरोबर गेले होते? गोळीबार झाला तेव्हा डोंगरावर होते की खाली? परत कसे आले? पणजीने त्यांना लपवलं होतं ना, की ते मीच मनाने जोडलंय? तेलुगू वीराची गोष्ट मला आता तपशिलासकट येते आणि माझ्या आजोबांची येत नाही. रात्रभर झोप लागली नाही.

तुम्हाला जेवढं आठवतं तेवढं लिहून पाठवा. डोळ्यांना त्रास होत असेल तर सांगा, आई लिहून घेईल. आई, तूही आजींकडून ऐकलेलं घाल त्यात. यंदा २५ सप्टेंबरला मी चिरनेरला येतेय, सुट्टी टाकली आहे. अत्तय्याही येणार म्हणतात. पोलीस हुतात्म्यांना बंदुकीच्या फैरींची मानवंदना देतात, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचंय.

पत्राची वाट पाहते.

तुमची,
मनू