मंत्रिमहोदय, पाया खणताना मी शिकारी झालो

प्रति,
मा. वन, जैवपरिस्थितिकी व पर्यावरण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितो आहे, कारण कबुली आणि विनवणी माणसाला आपल्याच भाषेत जमते. आपल्याकडे ते वाचून दाखवणारे कोणी असेलच. तरी एक शब्द वाटेत हरवू नये म्हणून आधीच सांगतो. आम्ही जिला घोरपड म्हणतो, तिला कन्नडमध्ये उडा म्हणतात. आणि बेळगावात लेआउटला मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला सगळे बुडा म्हणतात. उडा आणि बुडा यांची गाठ अजून कोणी घालून दिलेली नाही. ती आपण घालून द्यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी कबुली. मार्कंडेय नदीच्या अलीकडे, बेळगावच्या पश्चिम अंगाला एका माळावर माझी ३० बाय ४० ची जागा आहे. पूर्वी तिथे गवत होते, करवंदीच्या जाळ्या होत्या, गावची गुरे चरायची. आता खुंट्या, चुन्याच्या रेघा आणि ‘क्लिअर टायटल’चे फलक आहेत. आमचे जुने घर गावात. तीन भाऊ, त्यांची पोरे, पोरांची लग्ने. वाटण्या झाल्या तेव्हा माझ्या पदरात स्वयंपाकघर आणि अर्धी पडवी पडली. म्हणजे घर बांधणे ही माझी हौस नव्हती. माळावर जागा घेणाऱ्या दहांतल्या आठ जणांची कथा हीच असेल, आणि म्हणूनच ‘बांधकामे बंद करा’ अशी मागणी या पत्रात सापडणार नाही.

दिवाळीचा आकाशकंदील उतरवला आणि पुढच्याच आठवड्यात पाया खणायला जेसीबी आला. जागेच्या मागच्या कोपऱ्यात एक मोडकळलेले वारूळ होते. भूमिपूजनाला आमच्या गवंड्याने त्यालाही हळदकुंकू वाहिले होते. वारूळ दिसले की आमच्याकडे हात आपोआप जोडले जातात. जोडलेले हात सुटले की मग मशीन चालते. जेसीबीचा चालक विजापूरकडचा पोरगा. दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच त्याने इंजिन बंद केले आणि ओरडला, “उडा ऐत्री!”

उडा नव्हती. तिची अंडी होती. लांबट, पांढरी, कोंबडीच्या अंड्यासारखी कडक नव्हेत, ओल्या चामड्यासारखी मऊ. सतरा मोजली, त्यातली चार फुटलेली. “सापाची असतील, टाका की ओ लांब,” गवंडी म्हणाला. चालकाला खात्री कशी, म्हणून विचारले, तर म्हणाला लहानपणी गावात खाल्ली आहेत. इतका खात्रीचा साक्षीदार मला दुसरा मिळाला नसता.

एका कार्यालयात फोन लावला. जागा जंगलात आहे की खासगी, असे विचारले गेले. खासगी म्हटल्यावर तो त्यांचा विषय राहिला नाही. मग मी माझ्या अकलेने उरलेली तेरा अंडी मातीसकट घमेल्यात घेतली, बांधाच्या कडेला खड्डा करून पुरली आणि वर करवंदीचे काटे टाकले. फाल्गुनात उकरून पाहिले तर मुंग्यांनी पोखरलेली टरफले. नंतर एका जाणकाराने समजावले. सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंड्यात गर्भ आतून कवचाला चिकटून वाढतो. अंडे उलटेपालटे झाले की तो बहुधा मरतो. म्हणजे चार अंडी मशीनने मारली आणि तेरा मी, प्रेमाने.

पुढचे वाचून मात्र झोप उडाली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणे हेही येते. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. शिक्षा किमान ३ वर्षे, कमाल ७, आणि दंड २५ हजारांपासून पुढे. बंदूक हातात न धरता, गृहकर्जाच्या पहिल्या हप्त्यातून मी शिकारी झालो. आणि साहेब, माझ्या लेआउटमध्ये मी एकटाच असेन असे मला वाटत नाही.

घोरपडीला माणसाने तसेही कमी छळलेले नाही. मांसासाठी मारली, सांधेदुखीवर तेल म्हणून उकळली, शेजारच्या गोव्यात घुमट या वाद्याला तिचे कातडे चढायचे, बंदीनंतर तिथे बकऱ्याचे आले. देव्हाऱ्यात भरभराटीसाठी ठेवतात ती हत्थाजोडी कुठल्याही झाडाची मुळी नसून नर घोरपडीचे जननेंद्रिय आहे, हे कळल्यावर माझ्या मेव्हण्याने दोन दिवस देव्हाऱ्यासमोर बसायचे टाळले. हे सगळे गुन्हे आहेत आणि आपले खाते ते पकडते. पण माळ सपाट करणाऱ्या यंत्राला पकडणार कसे? त्याच्याकडे तर सगळे कागद असतात.

आणि तोटा आमचाच आहे. भाताच्या शिवारात घोरपड उंदीर खाते, बांध पोखरणारे खेकडे खाते, किडे, गोगलगायी, मेलेली जनावरे, काहीच सोडत नाही. माणसाच्या वाटेला जात नाही. कोपऱ्यात घेरली तर फूत्कारते, शेपटीचा फटका देते, फार तर चावते. तानाजीच्या घोरपडीची गोष्ट आमच्या पोरांना पाठ असते. मुधोळच्या घोरपड्यांचे आडनावही कडा चढवणाऱ्या घोरपडीवरून पडले अशी आख्यायिका आहे. गोष्टीतली घोरपड अख्खे सैन्य गडावर चढवते. आमच्या लेआउटमधली सिमेंटच्या गटारात पडते आणि तिला उभ्या गुळगुळीत भिंतीवरून वर येता येत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि तो वेळापत्रकाचा आहे. घोरपडीची मादी पावसाळ्यात बीळ उकरून, पुष्कळदा वारुळात, अंडी घालते आणि माती लोटून निघून जाते. ती अंडी साडेपाच महिन्यांपासून आठ महिन्यांपर्यंत जमिनीत राहतात. म्हणजे दसऱ्याच्या आधीपासून होळीपर्यंत, कधी त्याहून पुढे. आमच्याकडे पाया कधी खणतात? पाऊस संपला, जमीन वाळली, दसरा-दिवाळीचा मुहूर्त मिळाला की. घोरपडीची पोरे ज्या महिन्यांत जमिनीखाली असतात, नेमक्या त्याच महिन्यांत आपण जमीन उलटी करतो. घर आणि घोरपड यांचे वैर जागेवरून जेवढे आहे, त्याहून जास्त तारखेवरून आहे. जागेचे भांडण अवघड, हे मी बेळगावात जन्मून आपल्याला काय सांगू! तारखेचे त्यामानाने सोपे असावे.

जंगलासाठी आपल्या सरकारने काही केले नाही असे नाही. खानापूर तालुक्यातले भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झाले. बारापेडे गुहेतल्या वटवाघळांचे नाव त्यामुळे आम्हालाही कळले. पण घोरपड अभयारण्याचे फलक वाचून राहत नाही. ती गायरानात, नाल्याच्या काठी, बांधावर, पडीक जांभ्याच्या खाणीत राहते. तिथे वनखाते नसते. तिथे तलाठी असतो आणि दलाल असतो.

पर्यावरण मंजुरीची चाळण आहे, पण तिची भोके मोठी आहेत. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल तर मंजुरी लागते. आमच्या माळाचे पाच-सात एकरांचे तुकडे पडतात, आणि प्रत्येक मालक आपापल्या १,२०० चौरस फुटांत बांधतो. कोणाचेच बांधकाम त्या आकड्याच्या जवळपास जात नाही. माळ मात्र सगळा जातो.

असा तिढा जगात पहिल्यांदा पडला आहे असेही नाही. कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यात वाळूत राहणारा एक सरडा आहे, आणि त्याच वाळूवर बंगले आणि गोल्फची मैदाने येत होती. १९८६ मध्ये तोडगा निघाला. बांधणाऱ्याने दर एकरामागे ६०० डॉलर भरायचे, त्या पैशातून वाळूचे सलग पट्टे घेऊन राखायचे. घरे होत राहिली आणि सरड्याला जागा मिळाली. एक शहाणपण मात्र त्यांना उशिरा आले. वाळू वाऱ्याबरोबर लांबून येते, आणि वाऱ्याची वाटच अडली तर राखलेली वाळूही टिकत नाही. आमच्याकडे वाऱ्याच्या जागी नाला आहे. नाला पाइपात घातला की दोन माळांमधली वाट तुटली.

डॉलर आमच्याकडे नाहीत, पण विकास शुल्काची पावती आहे. मी भरले आहे, पावती जपून ठेवली आहे. त्यातला थोडा वाटा उरलेले गायरान राखायला जावा. लेआउटमध्ये उद्यानासाठी जागा सोडावीच लागते. तिथे आज लॉन, पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचा मोर असतो. ती जागा नाल्याला लागून सोडायला लावा, शेजारच्या लेआउटच्या जागेला जोडून, आणि तिच्यातली वारुळे व जाळ्या तशाच राहू द्या. सिमेंटचा मोर हवा असेल त्यांनी गच्चीवर बसवावा.

शेतजमीन बिगरशेती करण्याचा आदेश भूमहसूल कायद्याच्या कलम ९५ खाली जिल्हाधिकारी देतात. त्या फाइलला एक कागद जास्त जोडावा: वनरक्षकाने गावातल्या एका गुराख्याला बरोबर घेऊन जागेवर चक्कर मारली, वारुळे आणि बिळे नकाशावर दाखवली. गुराखी यासाठी की वीस वर्षे त्या माळावर फिरलेल्या माणसाला जे दिसते ते पदवीधराला दिसेलच असे नाही. जिथे बिळे सापडतील तिथे पहिले सपाटीकरण पावसाळ्यानंतर नको. अंड्यांतून पिले बाहेर पडून गेल्यावर, वळवाच्या सुमारास, आधी हाताने तपासून करावे. भूमिपूजन दसऱ्यालाच करायचे असेल त्यांनी खुशाल करावे, नारळ फोडायला जेसीबी लागत नाही.

आणि एक माझ्यासारख्यांसाठी. खणताना अंडी सापडली आणि मालकाने स्वतः कळवले, तर त्याच्यावर गुन्हा दाखल करण्याऐवजी तेवढा कोपरा कुंपण घालून उन्हाळ्यापर्यंत थांबवण्याची लेखी पद्धत करा. माझ्या जागेत ती अंडी मागच्या मोकळ्या सोडायच्या पट्ट्यातच होती. सांगणारा कोणी असता तर पायाला हात न लावता ती जागच्या जागी राहिली असती. आज ७ वर्षांची शिक्षा ऐकून जो तो गप्प माती लोटतो.

माझ्या घराचा स्लॅब पडला आहे. नाल्याच्या अंगाला दोन प्लॉट सोडून एक वारूळ अजून उभे आहे, आणि श्रावणात तिथे ताजी उकरलेली माती मी पाहिली. त्या जागेचा पाया दिवाळीनंतर खणायचा ठरला आहे. मालकाला जाऊन भेटलो, उन्हाळ्यापर्यंत थांबा म्हणालो. भला माणूस आहे, चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “लेखी काही आहे का?”

माझ्याकडे नव्हते. डिसेंबरात आपण विधिमंडळाच्या अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्णसौधात याल, तोवर ते वारूळ राहिलेले नसेल. कागद त्याआधी निघावा.

आपला,
मार्कंडेयकाठचा एक घरमालक