शनिवारी एक मुलगा येईल, त्याला आत घ्या

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले. फोनवर बाबा दुसऱ्याच वाक्याला "घे, आईशी बोल" म्हणतात, आई "जेवलीस का?" विचारते आणि विषय संपतो. तेव्हा आधी शेवटपर्यंत वाचा, मग चिडा.

शनिवारी अकरा वाजता एक मुलगा येईल आणि घरात काही छोट्या डब्या बसवून जाईल. पैसे भरून झालेत, परत मिळत नाहीत. दादाशीही बोलले आहे. तुम्हाला आधी विचारलं असतं तर आपण अजून बैठकाच घेत बसलो असतो, आणि वाटाघाटी लांबवण्यात बाबांचा हात कोण धरणार!

गणपतीतली ती रात्र मी उकरून काढत नाही. बाबा म्हणतात "पडलो नाही, जरा बसलो होतो", तर तेच खरं धरू. पण आई कानातलं मशीन काढून झोपते, आणि बाथरूमचं दार लागलं की हाक हॉलपर्यंतसुद्धा पोचत नाही. सकाळी आईचा फुलांचा 'शुभ प्रभात' येईपर्यंत हल्ली माझा चहा घशाखाली उतरत नाही. तुमचं नेट गेलेलं असतं आणि मी इथे बंगळुरात मीटिंगमध्ये बसून टेबलाखाली फोन बघत असते.

आता डब्यांविषयी. कॅमेरा एकही नाही. बाबा, पुन्हा वाचा, कॅमेरा नाही. पॅसेज, हॉल आणि स्वयंपाकघरात जो सेन्सर लागेल त्याला अंगाची ऊब हलली एवढंच कळतं. कोण हललं, काय नेसून हललं, काही नाही. मुख्य दाराला आणि फ्रिजला लोहचुंबकाची एक पट्टी लागेल, तिला उघडलं की मिटलं तेवढं समजतं. बाथरूममध्ये मात्र रडार आहे. नाव ऐकून दचकू नका. ते रेडिओलहरी सोडतं आणि अंगावरून परत आलेल्या लहरींवरून माणूस उभा आहे की जमिनीवर, हे ताडतं. चेहरा नाही, चित्र नाही, नुसते ठिपके. वाफेचं आणि अंधाराचं त्याला वावडं नाही, म्हणून ते तिथे. आई बुटक्या स्टुलावर बसून आंघोळ करते हे मी त्या मुलाला सांगून ठेवलंय, तो उंची त्या हिशोबानं लावेल. तरी सुरुवातीला ते उगाच बोंब मारेल, आणि कुणी भिंतीला टेकून हळूहळू खाली घसरलं तर कदाचित चुकेलही. विकणारा शंभर टक्के म्हणाला, मी म्हणत नाही. म्हणून कमोडशेजारी ओढायची एक दोरीही घेतली आहे.

पहिले दोनेक आठवडे ते नुसतं तुमचं रोजचं शिकेल. आई कधी उठते, दुधासाठी फ्रिज कधी उघडतो, बाबा पेपर आत घ्यायला दार कधी उघडतात. मग एखाद्या दिवशी साडेसातपर्यंत घरात काहीच हललं नाही, तर आधी तुमच्याच फोनवर वाजेल. तो उचलला नाही तर समोरच्या काकूंकडे, किल्ली त्यांच्याकडे आहेच, आणि मग मला. बाबा रात्री किती वेळा उठले, आई दुपारी फ्रिजमधून काय काढते (श्रीखंड, मला माहीत आहे) असला तक्ता माझ्याकडे येणार नाही. तसंच सेट करून घेतलंय. मला नकोच तो.

आई, तुझ्यासाठी यातलं सगळ्यात छान म्हणजे दिवा. रात्री पलंगावरून पाय खाली टेकलास की पलंगाखाली मंद पिवळा उजेड लागेल, तसाच पुढे बाथरूमपर्यंत. बटण चाचपायचं नाही, मोबाइल नाही, पासवर्ड तर नाहीच नाही. परत येऊन आडवी झालीस की आपोआप विझेल. बाबांची झोपही मोडणार नाही, म्हणजे ट्यूबलाइटवरून होणारं भांडण मिटलं.

बाबा, तुमचा राग यंत्रावर नाही, हुकमतीवर आहे, हे मला कळतं. पण तुमच्याच बँकेतल्या नोकरीकडे बघा ना. कॉम्प्युटरविरुद्ध गेटवर घोषणा दिल्यात. बँका आणि संघटनांच्या १९८३ च्या करारानंतर लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीत नोंदी करणारी, मशीनं आली आणि तीही सगळ्यांत आधी तुम्हीच शिकलात. मला शनिवारी शाखेत नेऊन काचेतून दाखवायचात, आत जायचं तर चपला बाहेर. अख्खी शाखा एका यंत्राची मर्जी सांभाळायची. मग प्रत्येकाच्या टेबलावर एकेक आलं. मग ते खिशात गेलं, आणि आता तुम्ही भाजीवाल्याला स्कॅन करून पैसे देता. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतल्या मार्क वायझर नावाच्या माणसानं हा प्रवास १९८८ पासूनच मांडायला घेतला होता. आधी अनेक माणसांत एक यंत्र, मग एकाला एक, आणि शेवटी एका माणसाभोवती इतकी यंत्रं की ती असल्याचं ध्यानातही येऊ नये. १९९१ मध्ये त्यानं ते सविस्तर लिहिलं. त्याच वर्षी आपल्या पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं परम ८००० हा महासंगणक बनवला, जो तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगता. पुणं मोठ्यात मोठं यंत्र बांधायच्या नादात आणि तो ते दिसेनासं करायच्या. मला दोघंही पटतात, फक्त परम आपल्या पॅसेजमध्ये मावला नसता.

पुढे १९९८ च्या सुमारास फिलिप्सकडच्या लोकांनी याला अँबियंट इंटेलिजन्स, म्हणजे भोवतालात मुरलेली हुशारी, म्हणायला सुरुवात केली आणि २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला एक घरच उभं केलं. माणसं तिथे राहायची आणि संशोधक कॅमेऱ्यांतून त्यांचं वागणं टिपायचे. तुमचं घर मला तसलं करायचं नाही. खरं सांगायचं तर वायझरचं तेवढं एक मला पटत नाही. जे दिसतच नाही त्याच्याशी भांडणार कसं? आणि बाबांना भांडायला तर समोर कोणीतरी लागतं. म्हणून डब्या मुद्दाम दिसतील अशा लावून घेतेय, टीव्हीशेजारच्या मोठ्या डब्याला बटण आहे, ते दाबलं की सगळं बंद. बोलणारा स्पीकर घेतलाच नाही. तो हाक ऐकण्यासाठी सतत कान लावून बसतो, आणि बाबा त्याच्याशी राजकारणावर वाद घालतील.

खाजगीपणाच्या २०१७ च्या निकालाचं कात्रण तुम्ही काढाल, नऊ न्यायमूर्ती वगैरे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेता येते, हेही वाचलं असेलच. घ्या मागे. पण आधी महिनाभर राहू दे.

वाड्यात असताना कुठे कुणाला विचारून लक्ष ठेवायचे? आजीचं दार सहाला उघडलं नाही तर वरच्या काकू नळावर येण्याआधी कडी वाजवायच्या. त्याला कोणी पाळत म्हटलं नाही. फ्लॅटमध्ये आल्यावर आपण दार लावून घेतलं, आणि ते बरंही वाटलं, मलाच सगळ्यात जास्त. क्लास सुटायला उशीर झाला की बाबा टिळक रोडच्या स्टॉपवर 'सहज' उभे असायचे, मला बघून पेपर उघडायचे. तो पेपर उलटा धरलेला असायचा हे मी कधी बोलले नाही.

डब्या माझ्या बदली म्हणून नाहीत. या वर्षी मला नोकरी सोडून येता येत नाही. कारणं तुम्ही ऐकलीत, आणि समजून घेतल्यासारखं दाखवलंत. मला त्याचंच जास्त लागतं. दिवाळीला येते आहे, भाऊबीज करूनच परतेन.

आता गुपचूप ऐका. मोठा डबा इन्व्हर्टरवरच राहू द्या, गुरुवारी लाइट गेली तरी चालू राहील. बाबा, सेन्सरवर कॅलेंडर टांगू नका. समोरच्या काकूंचा नंबर त्या मुलाला तुम्ही स्वतः द्या, काकूंना विचारून. दोरी कपडे वाळत घालायला नाही. रक्तदाबाची गोळी रात्रीच्या जेवणानंतरच, "उद्या दोन घेईन" चालणार नाही. आई, बाथरूमबाहेरचं ते गुळगुळीत पायपुसणं आजच टाकून दे, कितीही चांगलं असलं तरी.

तुमची,
चिमी

ता. क. गॅलरीतून येणाऱ्या बोक्याचं त्या मुलाला आठवणीनं सांगा. त्याच्याही अंगाला ऊब असते, नाहीतर यंत्राला वाटेल आई रात्री दोनला स्वयंपाकघरात फिरतेय.