चिरंजीवांचा पगार आणि शेकडा तीन

कराड
रविवार

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझा भलामोठा मेसेज मिळाला. उत्तर तिथंच टाइप करायला घेतलं, पण अंगठा दुखायला लागला आणि मुद्दे काही संपेनात. म्हणून हे रीतसर पत्र. चिरंजीव नोकरीला लागले, हिंजवडीत खोली घेतली, त्याबद्दल त्याचं अभिनंदन आणि वहिनींकडून पेढे वसूल करणार. तू विचारलंयस, "तू कॉमर्सचा मास्तर, सांग, पोराला कुठली एसआयपी घ्यायला लावू?" सांगतो, पण शेवटी. एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकणं, एवढंच. एसआयपी माहीत असलेली पोरं मला रोज भेटतात. व्याज कळणारी क्वचित भेटतात.

आमच्या अभ्यासक्रमाची तऱ्हा ऐक. पुस्तपालनाच्या तासाला मुलं विनिमय विपत्राच्या, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे देण्याच्या लेखी हुकुमाच्या, नोंदी धडाधड करतात. अमक्यानं तमक्यावर विपत्र काढलं, ते नाकारलं गेलं, त्या नकाराच्या नोंदीचा खर्च, म्हणजे नोंदणावळ, कुणाच्या नावे टाकायची, सगळं पाठ. पैसे न भरलेले शेअर कंपनीनं जप्त केले, त्या भागजप्तीची रोजकीर्द तर झोपेतून उठवून विचार. पण त्याच मुलाला त्याच्या स्वतःच्या खात्यातून दर तिमाहीला एसएमएसचे पैसे का कापतात विचारलं, की तो खिडकीबाहेर बघतो. विपत्र मी स्वतः जन्मात कधी हातात धरलेलं नाही, तरी इमानेइतबारे शिकवत आलोय!

दिवाळीत एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. बीकॉम होऊन एमआयडीसीत कंत्राटावर लागलाय. हातात नवाकोरा फोन. "सर, झिरो इंटरेस्टवर घेतला." म्हटलं, कागद दाखव. कागद फोनमध्येच होता, पीडीएफ. त्यानं तो उघडलेलाच नव्हता. आम्ही दोघांनी मग वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडणी केली. फोन 24,000 चा. रोख भरले 6,000, उरलेल्या 18,000 चे 2,000 प्रमाणे नऊ हप्ते. इथवर खरंच व्याज नाही. खाली फाइल चार्ज 999. त्याखाली फोनचा विमा 1,499, जो आपण घेतलाय हे त्या पठ्ठ्याला माझ्या घरी चहा पिताना कळलं. आणि शेजारच्या दुकानात तोच फोन रोखीनं 22,500 ला मिळत होता, हे त्यानंच सांगितलं. म्हणजे पंधराशेची सूट गेली ती वेगळी.

आता विमा बाजूला ठेव. रोखीचा भाव 22,500, त्यातून त्यानं दिलेले 6,999 वजा केले, तर खऱ्या अर्थानं उधार मिळाले 15,501. परत करायचे 18,000, तेही नऊ महिन्यांत थोडेथोडे. हिशेब केला तर महिन्याला तीन टक्क्यांहून जरा जास्तच दर पडतो. आपल्या लहानपणी गावात शेकडा तीननं, म्हणजे शंभराला महिना तीन रुपये व्याजानं, पैसे देणारा सावकार होता, आठवतो? लोक त्याच्या दारात अंधार पडल्यावर जायचे, आणि दिवसा सगळं गाव त्याला शिव्या घालायचं. आता तोच दर आपण एसीत बसून, वर स्क्रीनगार्ड फुकट मिळाला म्हणून खुशीत घेऊन येतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना सुनावलं होतं. मग पाटी बदलली, "नो कॉस्ट" झालं. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जाबरोबर सगळे आकार धरून वार्षिक दर सांगणारं "की फॅक्ट स्टेटमेंट" देणंही बंधनकारक आहे. चांगला नियम आहे. पण ते उघडून वाचायला लागतं, आणि शेजारच्या दुकानातली सूट कुठल्याच पत्रकात छापलेली नसते.

तुझ्या पोरानं क्रेडिट कार्ड घेतलंय म्हणतोस. वाईट काही नाही, पूर्ण बिल वेळेवर भरलं तर चाळीस-पन्नास दिवस फुकट वापरायला मिळतात. पण बिलावर एक "किमान रक्कम" छापलेली असते, साधारण पाच टक्के, आणि पोरांना वाटतं तेवढी भरली की झालं. समज, 50,000 थकलेत आणि दर महिना साडेतीन टक्के. व्याज 1,750, त्यावर 18 टक्के जीएसटी 315. झाले 2,065. किमान रक्कम भरली 2,500, म्हणजे मुद्दलातून गेले फक्त 435! वर नव्या खरेदीला त्या फुकट दिवसांची सवलतही उरत नाही. ही आकडेमोड मी बारावीला फळ्यावर घालतो, बोर्डाच्या परीक्षेत येणार नाही हे आधीच सांगून. त्या दिवशी मागच्या बाकावरही कुणी मोबाइल काढत नाही.

लोक म्हणतात, मुलांना पैशाचं कुणी शिकवत नाही. मला तसं वाटत नाही. शिकवणाऱ्यांची गर्दी झालीय! रीलवाला शिकवतो, ट्रेडिंगचं अॅप शिकवतं, फोनच्या दुकानातला फायनान्सवाला शिकवतो, आणि प्रत्येकाचा धडा त्याच्या स्वतःच्या गल्ल्यापाशी येऊन संपतो. फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेचा आर्थिक साक्षरता सप्ताह असतो. एका वर्षी त्यानिमित्त आमच्याकडे एका बँकेचे साहेब आले, बचतीवर वीस मिनिटं बरं बोलले, आणि जाताना विम्याचे फॉर्म वाटून गेले. आपल्या पिढीची तरी कुठं वेगळी गत? आपला अर्थशास्त्राचा मास्तर म्हणजे पॉलिसी विकणारा कुणाचा तरी मेहुणा. राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्राच्या 2019 च्या पाहणीत देशातले 27 टक्के प्रौढच आर्थिकदृष्ट्या साक्षर निघाले. त्यामुळे नुसत्या पोरांच्या नावानं बोटं मोडू नयेत.

आता तू सहज लिहून गेलास ते वाक्य. "थोडंफार ऑप्शनमध्ये करतो, त्याला कळतं त्यातलं." ऑप्शन म्हणजे शेअरचा भाव ठरावीक मुदतीत वर जाईल की खाली यावर केलेला सौदा, फ्युचर त्याचाच भाऊ. बापू, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा फ्युचर-ऑप्शनमधले शंभरातले 93 वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात निघाले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. पुढच्या वर्षी, 2024-25 मध्ये, 91. या खेळातली तिशीच्या आतली मंडळी 2022-23 मध्ये 31 टक्के होती, ती वर्षभरात 43 टक्के झाली. समोरच्या बाजूला मोठ्या कंपन्यांची यंत्रं बसलीत, आणि आपला गडी दुपारच्या सुट्टीत कँटीनमधून सौदे करतोय. त्याला कळत असेलही, हुशार आहेच तो. पण त्या 93 जणांनाही आपल्याला कळतं असंच वाटत होतं.

बरं, एक विचारू? तुझा पगार किती, हे त्याला कधी सांगितलंस? आपल्याकडे बाप पगार बायकोलाही धड सांगत नाही, पोराला तर फक्त "पैसे झाडाला लागत नाहीत" एवढंच ऐकवतो. तुझ्या फ्लॅटच्या कर्जाचा उतारा त्याच्यापुढे ठेव. कुठलीही एसआयपी सांगण्याआधी हे कर. तीस लाख, वीस वर्षं, नऊ टक्के धरले तर हप्ता 26,992 बसतो आणि पहिल्या हप्त्यातले 22,500 नुसत्या व्याजात जातात. हे त्यानं दुसऱ्या कुणाच्या नाही, बापाच्या कागदावर बघावं. तुला अवघडल्यासारखं होईल, पण विकणाऱ्यांच्या या गर्दीत त्याला काही विकायचं नाही असा माणूस म्हणजे तूच.

आता तुझा प्रश्न. सहा लाखांचं सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे महिना पन्नास हजार हातात नव्हे, त्यात कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही मोजलेली असते, हे पगारपावती घेऊन त्याला समजव. पीएफवर 2024-25 ला 8.25 टक्के मिळाले. नोकरी बदलली की पोरं तो काढून गोव्याला जातात, त्यानं तेवढा नव्या खात्यात वळवून घ्यावा. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जातो, तेव्हा स्वतःचा छोटासा वेगळा हवा. पाच-सहा महिन्यांचा खर्च एफडीत. मग एसआयपी, तीही एखाद्या साध्या, कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाची नुसती नक्कल करणाऱ्या फंडात. टर्म इन्शुरन्सची, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणाऱ्या विम्याची, घाई नको, त्याच्या कमाईवर अजून कुणी अवलंबून नाही.

ऑप्शनवरून मात्र रागावू नकोस, नाहीतर तो तुला सांगायचंच बंद करेल. ब्रोकरच्या अॅपवर वर्षभराचा टॅक्स पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा, रिपोर्ट मिळतो, सगळे चार्जेस धरून, तो काढायला सांग आणि दोघं मिळून बघा. आणि हो, ऑप्शनची उलाढाल धंद्याचं उत्पन्न धरतात. त्याला नोकरदाराचा साधा फॉर्म चालणार नाही, प्राप्तिकराचा आयटीआर-3 भरावा लागेल. यंदा सीए गाठा.

मे महिन्यात येताय ना? त्यालाही घेऊन ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मास्तर