श्रीमती लॉरी पेपर यांना अनावृत आभारपत्र

श्रीमती लॉरी पेपर यांना,

सादर नमस्कार.

आपली-माझी ओळख नाही. पण आपले यजमान, अमेरिकी जॅझ संगीतातले आल्टो सॅक्सोफोनवादक आर्ट पेपर, यांच्याविषयी आपण जे लिहिले आणि विशेष म्हणजे जे झाकले नाही, त्याचा माझ्या घराला मोठा आधार झाला, म्हणून हे पत्र.

माझा थोरला भाऊ मुंबईत ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन वाजवायचा आणि त्याच काळात गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, आहारी गेला. पाहुणे आले की ‘दादाला बरे नाही’ एवढेच सांगायचे, असा आमचा शिरस्ता. झाकली मूठ सव्वा लाखाची. कलावंताचे व्यसन आमच्याकडे चरित्रातसुद्धा एखाद्या आडवळणाच्या वाक्यात उरकले जाते. अशा दिवसांत ‘स्ट्रेट लाइफ’ हे पेपर यांचे आत्मचरित्र हाती आले. सिनॅनॉन या व्यसनमुक्ती वसाहतीत भेटलेल्या माणसाची कैफियत आपण टेपवर घेतली, कागदावर उतरवली, आणि १९७९ साली तिचे पुस्तक झाले तेव्हा हेरॉइन, चोऱ्या, सॅन क्वेंटिनचा तुरुंग यांतले काहीही गाळले नाही. इतकेच नव्हे, तर त्यांना ओळखणाऱ्या इतरांच्या मुलाखतीही त्यांच्या बोलण्याशेजारी छापल्या. कलावंताच्या पत्नीकडून एवढी निर्भीडता मी दुसरीकडे वाचलेली नाही.

जानेवारी १९५७ मधल्या त्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणाचेच पाहा. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांचे साथीदार रेड गार्लंड, पॉल चेंबर्स आणि फिली जो जोन्स यांच्याबरोबर वाजवायचे आहे, हे पेपर यांना त्याच दिवशी सकाळी कळले. सॅक्सोफोनला माउथपीस जिथे बसतो तिथले बूच वाळून निकामी झाले होते. त्यावर चिकटपट्टी गुंडाळून ते स्टुडिओत गेले. बरेच दिवस वाद्याला हात लावला नव्हता, असे ते सांगतात. पण नोंदी पाहिल्या, तर आदल्याच नोव्हेंबरात ते सॅक्सोफोनवादक वॉर्न मार्श यांच्यासह ध्वनिमुद्रण करत होते. व्यसनी माणूस आपली गोष्ट रंगवून सांगतो, हे आम्ही घरातच पाहिले आहे. बूच मात्र खरे असणार.

१९६० नंतर स्वतःच्या नावाने पुन्हा स्टुडिओत अल्बम करायला त्यांना १९७५ साल उजाडले. पियानोला होते हॅम्प्टन हॉज, जे स्वतः हेरॉइनपायी तुरुंग भोगून राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या माफीने सुटले होते. पुढे १९७७ मध्ये जपान, मग न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधल्या त्या जुलैतल्या रात्री. या सगळ्या काळात ते मेथाडोनवर, म्हणजे हेरॉइनऐवजी दिल्या जाणाऱ्या औषधावर, होते आणि कोकेनही सुटले नव्हते, हे आपणच लिहून ठेवले आहे, आणि माझे आभार मुख्यतः त्यासाठी आहेत. दादाच्या डॉक्टरांनी तशाच कामाची, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुचवली, तेव्हा ‘एक व्यसन सोडून दुसरे कशाला?’ म्हणून आईने ठाम नकार दिला होता. जो माणूस औषधावर राहून असे वाजवू शकला, त्याची हकीकत मी तिला मराठीत वाचून दाखवली. ती लगेच मानली असे नाही, पण डॉक्टरांकडे स्वतःहून आली, आणि उपचार सुरू झाले.

१५ जून १९८२ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, पक्षाघाताने पेपर गेले. त्यानंतर आपण ‘विडोज टेस्ट’ ही स्वतःची कंपनी काढून त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या मैफली प्रकाशात आणल्या. नोव्हेंबर १९८१ मधली, तुरुंगासाठी प्रसिद्ध असलेल्या जपानमधल्या आबाशिरी गावातली मैफल त्यांतलीच.

दादा आता गणेशोत्सवात पुन्हा वाजवतो. त्याला १९५७ चे पेपर थोर वाटतात. मला १९७७ नंतरचे, सूर फाटला तरी न थांबणारे. या वादात माझे पारडे जड करणारे ध्वनिमुद्रण दर वेळी आपल्याच कंपनीचे निघते, याबद्दलही आभार.

कळावे,
आपला नम्र,
एक श्रोता