मित्राची साक्ष छापताना नातेही छापा

संपादक महोदय,

कंपनीतल्या गैरव्यवहारात कुणी बडा संचालक अडकला की बातमीच्या शेवटी एखाद्या नामवंताचे वाक्य हमखास असते : ‘मी त्यांना वीस वर्षे ओळखतो, ते असे करूच शकत नाहीत.’ माझी सारी नोकरी हिशेबतपासणीत गेली. असे वाक्य वाचले की विचारावेसे वाटते, ओळखता ते कुठून?

मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचे माजी प्रमुख रजत गुप्ता यांचे प्रकरण घ्या. गुंतवणूकदार वॉरन बफे गोल्डमन सॅक्स या बँकेत ५ अब्ज डॉलर गुंतवणार, याला २३ सप्टेंबर २००८ रोजी बँकेच्या संचालक मंडळाने फोनवरच्या बैठकीत मंजुरी दिली. गुप्ता त्या मंडळावर होते. बैठक संपून मिनिटही झाले नसेल, तोच गुप्तांचा फोन हेज फंडवाले, म्हणजे श्रीमंतांचा पैसा बाजारात गुंतवणारे, राज राजरत्नम यांना गेला. २०१२ मध्ये गुप्ता मंडळातली गोपनीय माहिती फोडल्याबद्दल दोषी ठरले, तेव्हा न्यायाधीशांकडे चारशेहून अधिक पत्रे आली. त्यांत बिल गेट्स आणि कोफी अन्नान यांचीही. सरकारी पक्षाने आठ ते दहा वर्षे मागितली होती, झाली दोन. पत्रांमुळेच झाली, असे मी म्हणत नाही. गुप्तांचे आरोग्यक्षेत्रातले कामही खोटे नव्हते. पण प्रश्न त्या फोनचा होता, आणि त्या वेळी या मंडळींपैकी कोण शेजारी बसले होते?

थेरानोस या रक्तचाचणी कंपनीत तर तिचे संचालक जॉर्ज शुल्ट्झ यांच्या सख्ख्या नातवाने, तिथेच नोकरी करून, चाचण्यांतला घोळ त्यांना सांगितला. आजोबांनी विश्वास ठेवला तो संस्थापक एलिझाबेथ होम्सवर.

माझ्या तपासणीतही एकदा बनावट व्हाउचर सापडली. सही रोखपालाची, तोंडी हुकूम संचालकांचा. रोखपालाला घरी बसवले. संचालकांनी ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा दिला आणि वर्षभरात ते दुसऱ्या कंपनीच्या मंडळावर दिसले. तिथले अध्यक्ष त्यांचे कॉलेजमित्र. स्वागताच्या भाषणात त्यांनी चक्क ‘निष्कलंक’ हा शब्द वापरला. रोखपालाच्या नव्या नोकरीसाठी मीही चार ओळी लिहून दिल्या होत्या. उलट विचारणा आली : आपला हुद्दा काय?

एवढेच करा. असे प्रशस्तिपत्र छापाल तेव्हा त्याखाली एक ओळ द्या : हे दोघे एकाच मंडळावर आहेत का, एकमेकांच्या कंपनीत पैसा आहे का, एकाच्या संस्थेला दुसऱ्याची देणगी आहे का.

आणि रोखपालाची बाजू मी घेतली आहे, तर माझेही सांगते. अकरा वर्षे आमची टेबले शेजारी होती.

– एक निवृत्त अंतर्गत हिशेबतपासनीस