जुन्या घरातल्या कार्यक्रमाला हातभार लावणाऱ्यांनो, थँक्यू!

इतिहास आणि लोककथांचा कार्यक्रम एकदाचा पार पडला, बोलणाऱ्यांना टाळ्या मिळाल्याच, पण ज्यांची नावं कुठंच आली नाहीत त्यांचे आभार मानल्याशिवाय राहवत नाहीये. जिन्यापाशी उभं राहून लोकांना थोडे थोडे करून वर सोडणारे तर खरे हिरो, कारण जुन्या लाकडी मजल्यावर एकदम गर्दी झाली की तुळयांवर लोड येतो आणि हे समजावताना लोकांची कटकटही त्यांनीच ऐकून घेतली. कागदपत्रांच्या खोलीत पडदे ओढून 'फ्लॅश मारू नका' म्हणत घसा कोरडा करणारी पोरं पण तशीच, उजेडानं शाई उडते आणि उडालेली परत येत नाही हो. मेणबत्त्यांऐवजी बॅटरीचे दिवे लावायची आयडिया कोणाची होती काय माहीत, पण भारी होती! आणि विहिरीतल्या भुताची गोष्ट सांगणाऱ्या आजी, आणि लगेच 'छे, असं नव्हतंच ते' म्हणत वेगळीच सांगणाऱ्या दुसऱ्या आजी, दोघींना दंडवत, दोन्ही गोष्टी त्यांना विचारूनच रेकॉर्ड केल्यात. रात्री खुर्च्या उचलल्या ती मंडळी कोण होती कळलंच नाही, भिंतीवर एक ओरखडा नाही, मानलं राव तुम्हाला!