वाळलेली अळंबी ओळखायची कशी?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत रानभाज्यांवरचा मजकूर आवडला. त्यातल्या एका वाक्यासाठी मात्र हे पत्र. 'अळंबी जास्त मिळाल्यास वाळवून ठेवावी', असं त्यात होतं. वारुळावरची, जाणत्या माणसाने पारखलेली असेल तर जरूर ठेवावी. पण न ओळखलेली अळंबी एकदा का वाळली, की मग ती ओळखणं महाकठीण. गेल्या वर्षी आम्हाला हे चांगलंच कळलं.

मुलगी अकरावीत होती. श्रावणात (तेव्हा आमच्याकडे अळंबी म्हणजेच मटण!) तिने प्रकल्पासाठी परड्यातून आणि मागच्या रानातून सात प्रकारची अळंबी गोळा केली, चुलीशेजारी सुपात वाळवली आणि सात पुड्या बांधल्या. पुडीवर मजकूर काय, तर 'चिंचेखाली', 'गडग्याजवळ'. शेजारच्या आजींना त्या दाखवल्या. ताजी अळंबी त्या दहा पावलांवरून ओळखतात. पुड्या उलटसुलट करून म्हणाल्या, "सुक्यात काय वळाखतलंय मी? वला असताना दाखवूक व्हया हुता."

मग पुड्या शहरातल्या एका परिचित प्राध्यापकांकडे पाठवल्या. सातांपैकी दोनच त्यांना जमल्या, त्याही कुळापर्यंत. नेमकी जात एकाचीही नाही. त्यांचा काय दोष? ताज्या अळंबीत शंभरातले नव्वद भाग पाणीच. तळव्याएवढी छत्री सुपारीच्या खांडाएवढी झाली होती. पांढरी, साईच्या रंगाची, राखाडी, सगळ्या एकजात तपकिरी. छत्रीखालचे पडदे एकमेकांना चिकटलेले. वास गेला, बुळबुळीतपणा गेला, दाबल्यावर रंग बदलत होता का तेही गेलं. शिवाय आम्ही ती जमिनीलगत खुडलेली. अमानिता नावाच्या गटातल्या विषारी अळंबीची ओळख पटवणारी बुडाची पिशवी आणि वारुळावरच्या अळंबीचं लांबलचक मूळ, दोन्ही मातीतच राहतात.

वाळलेल्या तुकड्यातूनही काही कळतं, नाही असं नाही. तो कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा (म्हणजे अळंबीच्या बियांचाच म्हणा ना) आकार मोजता येतो. आयोडीनच्या द्रावणात काहींचे बीजाणू निळे-काळे होतात, त्यावरूनही अंदाज बांधता येतो. डीएनए तपासता येतो, पण जुळवायला तीच जात आधी कोणीतरी नोंदवलेली हवी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या आजरेकर कवकसंग्रहातही वाळलेले नमुने आहेतच, असं कोणी म्हणेल. पण संग्रहातला नमुना बोलतो तो सोबतच्या नोंदीमुळे. आमच्या पुडीवर नुसतं 'गडग्याजवळ'!

यंदा मुलीने आधी फोटो काढले, वास लिहिला, बूड खणून काढलं. मग देठ कापून छत्री अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी घातली आणि वर वाटी झाकली. सकाळी कागदावर गळलेल्या बीजाणूंच्या भुकटीने पडद्यांची नक्षी उमटलेली असते. वारुळावरच्या अळंबीची भुकटी गुलाबीसर पडली. अमानिताची पांढरी पडते. पावसात हिरवळीवर उगवणाऱ्या एका विषारी छत्रीची तर हिरवट, आणि तीही कोवळी असताना पडदे पांढरेच दिसतात.

वाळवल्याने विष जातं, हा समज तर आपण आवर्जून खोडून काढावा. काही अमानितांतलं विष वाळवून जात नाही आणि उकळूनही जात नाही. उलट्या-जुलाब बहुधा सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात. मधे बरं वाटतं, आणि तोवर यकृत खराब होत असतं. अशा वेळी डॉक्टरांना दाखवायला उरलेली अळंबी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी आणि रुग्णाला तडक दवाखान्यात न्यावं, एवढं तरी पुढच्या पुरवणीत चौकटीत छापाल का?

जाता जाता, चौथ्या पुडीतल्या अळंबीची भावंडं आम्ही त्याच दिवशी सुक्या खोबऱ्याच्या वाटपात शिजवून खाल्ली होती. आजींनी ताजी पाहून होकार दिला होता म्हणून. ती कोणती जात, हे प्राध्यापकांनाही अजून सांगता आलेलं नाही.

– एक वाचक, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)